‘बरं आहे ना?’मधला ‘ना’

प्रश्न साधेच असतात, उत्तरंही साधीच असतात. मग गडबड होते कुठे?

रात्री साडेआठला फोन वाजला की समजायचं, अप्पा. अलार्म एखादवेळी चुकेल, अप्पा चुकायचे नाहीत. मी तेव्हा बहुतेक कर्वे रोडच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेली असायचे, नाहीतर लॅपटॉपसमोर मॅगी खात बसलेली.

‘पाऊस आहे का तिकडं?’

‘आहे ना अप्पा! वैताग आलाय नुसता. कपडेसुद्धा वाळत नाहीत.’

‘बरं बरं. काम चालू आहे ना?’

‘मस्त चालू आहे. तुमचं बरं आहे ना?’

‘हो. बरं आहे.’

‘ठेवू मग?’

संपलं. एकूण वेळ ४० सेकंद. पाचोऱ्याचे वडील आणि पुण्यातली मुलगी यांच्यात महिनोन् महिने हाच संवाद चालायचा. स्क्रिप्ट तीच, फक्त तारीख बदलायची. आणि मला वाटायचं, वा, काय छान बाँडिंग आहे आमचं! रोज बोलतो आम्ही!

खरं तर प्रश्न विचारणं हा माझा धंदा आहे. मास कॉमच्या पहिल्याच आठवड्यात सरांनी फळ्यावर सहा ककार लिहिले होते : कोण, काय, कधी, कुठे, का, कसं. या सहा किल्ल्यांनी कुठलंही कुलूप उघडतं, असं ते म्हणायचे. मी त्यांच्यावर विश्वास ठेवला आणि पुढची काही वर्षं लोकांना प्रश्न विचारून पोट भरलं. पण साधे, रोजचे, जाता-येता फेकलेले प्रश्न या सहा ककारांत बसत नाहीत, हे कळायला मला पुन्हा पाचोऱ्याला जावं लागलं.

बिझी आहेस का?

आधी सोपे सोपे घेऊ. ऑफिसात बसणाऱ्यांना हे पाठच असतील.

‘बिझी आहेस का?’ म्हणजे काम आलंय. ‘वीकेंडला काय प्लॅन?’ हे मैत्रिणीनं विचारलं तर सिनेमा आणि बॉसनं विचारलं तर सिनेमा कॅन्सल. ‘कुठे पोहोचलीस?’ म्हणजे मी अजून आंघोळीलाही गेलेलो नाही, तुलाही उशीर होत असेल तर फार बरं. ‘कुणी सांगितलं तुला हे?’ म्हणजे बातमी खरी आहे. ‘बारीक झालीस का गं?’ म्हणजे आता तूही मला तेच म्हण. ‘एक विचारू? राग नाही ना येणार?’ म्हणजे येणार. हमखास येणार.

मीही काही कमी नाही. एका क्लायंटकडे माझं पेमेंट अडकलं की मी फोन करून अतिशय गोड आवाजात विचारते, ‘माझा मेल मिळाला ना?’ मेल मिळालेला असतो, हे मलाही माहीत असतं आणि त्यांनाही. माझा खरा प्रश्न असतो, ‘पैसे कधी देताय?’ त्यावर ते म्हणतात, ‘हो हो, प्रोसेसमध्ये आहे.’ याचा अर्थ काय, ते फ्रीलान्सिंग करणाऱ्यांना सांगायला नको.

आणि पुण्यात राहून ‘जेवूनच आला असाल ना?’वरचा विनोद ऐकला नाही, असा माणूस सापडणं कठीण. त्या वाक्यातली सगळी करामत शेवटच्या ‘ना’त आहे. तो काढा आणि विचारा, ‘जेवून आलात का?’ लगेच माणुसकी परत येते. हा ‘ना’ लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आडनाव काय म्हणालात?

सगळेच प्रश्न असे हसण्यावारी नेता येत नाहीत.

तीन वर्षांपूर्वी मी आणि माझी रूममेट फ्लॅट शोधत होतो. घरमालक काकांनी फार अगत्यानं बसवलं, पाणी दिलं. ‘मूळच्या कुठल्या तुम्ही?’ ‘घरी कोण कोण असतं?’ ‘स्वयंपाक घरीच करता का? म्हणजे, साधाच ना?’ एकेक प्रश्न वेगळा काढून बघितला तर त्यात चुकीचं काहीच नाही. आपली आजीसुद्धा हेच विचारेल. मग त्यांनी आडनावं विचारली. मी माझं सांगितलं, तिनं तिचं सांगितलं. तिच्या आडनावावरून सगळं कळायचं ते कळतं. काकांचा चेहरा जराही बदलला नाही, हे विशेष. ‘छान, छान. कळवतो,’ म्हणाले. संध्याकाळी एजंटचा फोन आला : तो फ्लॅट त्यांना भाच्याला द्यायचाय, असं ठरलंय.

रिक्षात बसल्यावर मी संतापून बडबडत होते. ती मात्र शांत होती. म्हणाली, ‘“स्वयंपाक साधाच ना?” विचारलं तेव्हाच मला कळलं होतं. तुला पाणी पिताना कळलं नाही?’ नव्हतं कळलं. ज्याच्या पायाला काटा बोचत नाही, त्याला तो गालिचाच वाटतो.

हे पुण्यातच होतं असं म्हणून आमच्या खानदेशला सुटता यायचं नाही. आमच्याकडे याची दोन टप्प्यांची परीक्षा असते. माझं आडनाव पाटील. आता पाटील म्हटलं की महाराष्ट्रात इतरत्र लोकांचं समाधान होतं. जळगाव-धुळ्याकडे मात्र खरा प्रश्न तिथून सुरू होतो : ‘कोणते पाटील?’ कारण आमच्याकडे मराठा पाटील असतात, लेवा पाटील असतात, गुजर पाटील असतात. चौधरींचं तसंच, महाजनांचंही तसंच. आडनावानं पत्ता लागत नाही म्हणून मग गाव विचारायचं, मामाचं आडनाव विचारायचं, आत्या कुठे दिली ते विचारायचं. समोरचा गप्पा मारतोय असं आपल्याला वाटतं आणि तो मात्र शांतपणे एकेक खोड रबर फिरवून उत्तर ठळक करत असतो.

मी त्यावर एक युक्ती काढली आहे. ‘कोणते पाटील?’ विचारलं की म्हणते, ‘पाचोऱ्याचे.’ समोरचा हसतो, पण हिरमुसतो. (आणि हो, तुम्हालाही सांगणार नाहीये!)

कव्हय उनी, माय?

पाचोरा माहीत नसणाऱ्यांसाठी : मुंबई-भुसावळ मेन लाइनवर चाळीसगाव आणि जळगावच्या मधलं तालुक्याचं गाव. हिवरा नदी, कापसाचा बाजार आणि प्रत्येक दुसऱ्या हॉटेलात शेवभाजी. पुण्याहून रात्री महाराष्ट्र एक्सप्रेस पकडायची, सकाळी उतरायचं. स्टेशन ते घर एवढ्या अंतरात मला किमान सात प्रश्न विचारले जातात. विचारणाऱ्यांपैकी तिघांची नावंही मला माहीत नसतात.

पहिला रिक्षावाला. ‘कथा जावानं शे, ताई?’ हा एकच प्रश्न असा, ज्याचा अर्थ जेवढा आहे तेवढाच असतो. त्याबद्दल त्या भल्या माणसाचे आभार.

मग कोपऱ्यावरची आजी. ‘कव्हय उनी, माय?’ कधी आलीस? माझ्या पाठीवर सॅक, हातात बॅग, केस विस्कटलेले. कधी आले ते दिसतंच आहे. पण आजीला वेळ जाणून घ्यायची नसते. तिला सांगायचं असतं की तू आलीस हे मी पाहिलं.

मग ‘किती दिवस?’ म्हणजे नोकरी आहे ना अजून? चार दिवस म्हटलं तर ‘एवढेच?’ आणि पंधरा दिवस म्हटलं तर एकदम सहानुभूतीची नजर. ‘कंपनी कोणती?’ याचं उत्तर देणं तर मी सोडूनच दिलंय. फ्रीलान्स म्हणजे काय, हे समजावून सांगितल्यावर एक काका म्हणाले होते, ‘म्हणजे घरीच असतेस.’ त्यात प्रश्नचिन्हही नव्हतं.

दिवाळीनंतर गेलात तर आणखी एक प्रश्न कानावर पडेल : ‘कापूस विकला का?’ ऐकायला बाजारभावाची चौकशी. पण २०२२ साली कापसाचे भाव क्विंटलला दहा हजारांच्या वर गेले होते आणि पुढच्या हंगामात पुन्हा तसं होईल या आशेवर लोकांनी महिनोन् महिने कापूस घरात साठवून ठेवला होता. भाव काही तिथे गेला नाही. तेव्हापासून मला हा प्रश्न नीट ऐकू येतो. ‘कापूस विकला का?’ म्हणजे हातात पैसा आला का? लग्नाची तारीख काढायची का? सोसायटीचं कर्ज फिटलं का? ‘थांबलोय अजून’ असं उत्तर आलं की विचारणारा पुढे काही विचारत नाही, चहा सांगतो.

आणि माझा सगळ्यात आवडता प्रश्न : ‘पीजे कधी सुरू होईल?’

पीजे म्हणजे पाचोरा-जामनेर. ५६ किलोमीटरची नॅरोगेज, इंग्रजांच्या काळातली. शेंदुर्णी, पहूर करत रमतगमत जाणारी. मार्च २०२०मध्ये लॉकडाऊन लागला, गाडी थांबली आणि पुन्हा धावली नाही. तिथे ब्रॉडगेज करायचं आणि ती बोदवडपर्यंत न्यायची, असं मंजूर झालं. म्हणजे उद्या गाडी आली तरी ती आमची पीजे नसणार, हे प्रत्येकाला ठाऊक आहे. तरी माणसं चहाच्या टपरीवर विचारतात, ‘पीजे कधी सुरू होईल हो?’ उत्तर कुणाकडेच नसतं. पण प्रश्न विचारला की दुसरा म्हणतो, ‘माझी बहीण पहूरला दिलेली. दर राखीला पीजेनंच जायचो.’ तिसरा शेंदुर्णीची आठवण काढतो. अर्धा तास मजेत जातो. पीजे बंद आहे, तिच्यावरचा प्रश्न मात्र अजून माणसं नेऊन पोचवतोय.

मालिनोव्हस्की आणि समोरच्या काकू

या सगळ्याला एक भारदस्त नाव आहे, हे मला कॉलेजात शिकवलं होतं आणि परीक्षेनंतर मी ते विसरले होते. ब्रॉनिस्लाव मालिनोव्हस्की नावाचे पोलिश मानववंशशास्त्रज्ञ होते. पहिल्या महायुद्धाच्या काळात ते पॅसिफिकमधल्या ट्रॉब्रियंड बेटांवर राहिले. तिथल्या लोकांच्या गप्पा ऐकून त्यांनी १९२३मध्ये एका निबंधात लिहिलं की माणसं पुष्कळदा माहिती देण्या-घेण्यासाठी बोलतच नाहीत. हवापाणी, तब्येत, कुठून आलात, कुठे निघालात... या बोलण्याचं काम एकच, दोन माणसांमधला धागा जोडून ठेवणं. याला त्यांनी ‘फॅटिक कम्युनियन’ असं नाव दिलं. चीनमध्ये जुनी माणसं भेटल्यावर ‘जेवलात का?’ विचारतात, तेही यातलंच. तिथे कुणी ताट वाढून बसलेलं नसतं. आपल्या आयाही फोनवर पहिलं तेच विचारतात.

म्हणजे प्रश्न ढोबळमानानं दोन जातीचे. एक तोलणारे, एक धरून ठेवणारे. घरमालक काकांचा प्रश्न पहिल्या जातीचा, कोपऱ्यावरच्या आजीचा दुसऱ्या. फरक शब्दांत नसतो. ‘मूळच्या कुठल्या तुम्ही?’ दोघंही विचारतात. फरक उत्तरानंतर कळतो. तोलणाऱ्याला उत्तर मिळालं की त्याचं काम संपतं. धरून ठेवणारा उत्तर मिळाल्यावर म्हणतो, ‘बस ना, चहा टाकते.’

फंडा क्लिअर? मला तरी वाटलं होतं. पण आमच्या समोरच्या काकूंनी त्यातही घोळ केला.

काकूंचा प्रश्न कायमचा : ‘मग, लाडू कधी?’ मी बावीस वर्षांची होते तेव्हापासून. आता मी अठ्ठावीसची. सहा वर्षांत मी सगळी उत्तरं देऊन पाहिली. हसून, चिडून, ‘काकू, शुगर वाढेल तुमची’ म्हणून. त्यांचा प्रश्न शंभर टक्के तोलणारा, असं मी ठरवून टाकलं होतं. मागच्या खेपेला त्या गेटपाशी आल्या आणि त्यांनी तोंड उघडायच्या आत, निव्वळ हल्ला टाळायचा म्हणून, मी विचारलं, ‘काकू, गुडघा काय म्हणतो?’

मंडळी, चाळीस मिनिटं. गुडघा, जळगावचा डॉक्टर, ऑपरेशनचा खर्च, बंगळुरूचा मुलगा दर रविवारी फोन करतो पण बायको शेजारी असली की दोनच मिनिटं बोलतो, गच्चीवर जाता येत नाही म्हणून यंदा बिबडे घातले नाहीत... लाडू हा शब्द एकदाही निघाला नाही. निघताना माझ्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, ‘येत जा गं अशी.’ सहा वर्षं त्या बहुतेक एवढंच म्हणत होत्या. त्यांच्याकडे तरुण मुलीला थांबवून ठेवण्यासाठी तेवढा एकच प्रश्न होता, म्हणून तो वापरत होत्या. (चुलत बहिणीला त्या तोच प्रश्न खरोखर तोलायला विचारतात, हेही नमूद करते. काकू काही संत नाहीत.)

चहा टाकू का?

तर अशी मी, प्रश्नांची एक्स्पर्ट. मैत्रिणींना त्यांच्या बॉसच्या मेलचे अर्थ लावून देणारी. आणि त्या एका पावसाळ्यात चुलतभावाच्या साखरपुड्यासाठी घरी गेले.

जुलैचा पहिला आठवडा. आईनं पाण्याचा तांब्या पुढे केला आणि मला काहीतरी वेगळं दिसलं. तिचे हात मोकळे होते. काचेच्या दोन-दोन बांगड्या, बाकी काही नाही.

‘आई, पाटल्या कुठंयत?’

‘चहा टाकू का?’ आई म्हणाली.

सहा वर्षांच्या पत्रकारितेत मला एवढं चोख उत्तर कुणी दिलेलं नाही. आमच्या घरात चहा विचारून कधीच टाकत नाहीत. तो असतोच. विचारला, याचा अर्थ तो विषय नको.

दुपारी ओसरीत गेले तर कोपऱ्यात कापसाच्या बियाण्याची रिकामी पाकिटं पडलेली. मी मोजली. वीस. वरखेडीच्या बाजूला आमचं पाच एकर कोरडवाहू आहे. एकरी दोन पाकिटं लागतात, एवढं मलाही माहीत आहे. म्हणजे दहा हवीत. वीस म्हणजे दोनदा पेरलं होतं. जूनच्या सुरुवातीला एक पाऊस झाला, अप्पांनी लावण केली, मग पावसानं ओढ दिली. उगवलेलं जळून गेलं. एका पाकिटाला नऊशेच्या आसपास, वर मजुरी, वर खत. सगळं पुन्हा, दुसऱ्यांदा. पाटल्या बँकेत तारण होत्या.

मी आईवर चिडले. माणूस असंच करतं, आधी चिडतं. ‘मला का नाही सांगितलं? रोज तर फोन होतो!’

आई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, ‘रोज विचारत होते की तुला. पाऊस आहे का म्हणून.’

‘अगं पण ते पुण्यातला पाऊस विचारायचे!’

‘मग? पाऊस काय आधी आमच्याकडे येतो? तुमच्याकडून मग इकडं येतो. तू आहे म्हणालीस की फोन ठेवून गच्चीवर जायचे. आभाळ बघत बसायचे. दहा-दहा वाजेपर्यंत.’ मग जरा थांबून म्हणाली, ‘तू एकदा तरी विचारलंस का, तुमच्याकडं आहे का?’

नव्हतं विचारलं.

मी विचारलं होतं, ‘तुमचं बरं आहे ना?’

फक्त एक अक्षर

त्या रात्री मी गच्चीवर पडून त्या ‘ना’चा विचार करत होते. (आभाळ कोरडंच होतं.) आपली मराठी मोठी चतुर भाषा आहे. ‘कसं आहे?’ हा प्रश्न आहे. त्याला दहा उत्तरं असू शकतात. ‘बरं आहे का?’ हाही प्रश्न आहे. त्याला दोन तरी उत्तरं आहेत. पण ‘बरं आहे ना?’ याला उत्तर एकच. तिथे आपण समोरच्याच्या हातात उत्तर आधीच कोंबलेलं असतं, त्यानं फक्त सही करायची. त्या ‘ना’चा अर्थ असतो : बरंच आहे असं सांग, प्लीज. कारण नसेल तर मला काहीतरी करावं लागेल, आणि माझ्याकडे आत्ता वेळ नाही. किंवा पैसे नाहीत. किंवा हिंमत नाही.

‘जेवूनच आला असाल ना?’ला आपण पिढ्यान्‌पिढ्या हसतो. मी माझ्या वडिलांना रोज रात्री साडेआठला दुसरं काय विचारत होते?

आणि अप्पा तरी? ‘काम चालू आहे ना?’ त्यांचाही ‘ना’च. त्या तीन महिन्यांत माझं पेमेंट अडकलेलं होतं, भाडं मी रूममेटकडून उसनं घेऊन भरत होते. पण त्या ‘ना’ला मी तरी दुसरं काय म्हणणार? ‘मस्त चालू आहे.’ दोन माणसं रोज एकमेकांना एकेक खोटी सही देत होती आणि त्याला आम्ही खुशाली म्हणत होतो.

लोकांच्या प्रश्नांत काय दडलंय ते ओळखणं सोपं असतं, मजेचंही असतं. चार मैत्रिणी जमल्या की एक संध्याकाळ आरामात निघते. अवघड असतं ते आपल्या स्वतःच्या प्रश्नात काय दडलंय ते ऐकणं. ‘औषध घेतलंस ना?’ ‘झोप होते ना नीट?’ ‘घरी सगळे मजेत ना?’ ‘तू ठीक आहेस ना?’ तुम्ही आज दिवसभरात असे किती विचारलेत, मोजून बघा. मी मोजले. नंतर मोजणं सोडून दिलं, लाज वाटायला लागली.

पुण्याला परत आल्यावर एक प्रयोग केला. साडेआठची वाट बघितली नाही. आठ वाजता मीच फोन लावला.

‘अप्पा, कसं आहे?’

पलीकडे शांतता. मग घाबरलेला आवाज. ‘का गं? काय झालं? तू बरी आहेस ना?’

मला हसू आलं. ‘मी बरी आहे. मी तुमचं विचारतेय. तिकडे पाऊस आहे का?’

पुन्हा शांतता. मला वाटलं, आता ‘बरं आहे’ म्हणतील आणि ठेवतील. बाहेर माझ्या खिडकीवर पाऊस वाजत होता. तो त्यांना फोनवर ऐकू येत असणार.

‘नाही गं,’ अप्पा म्हणाले. ‘पाच दिवस झाले. वारं सुटतं, ढग येतात, निघून जातात. पण या वेळचं बी टिकेल असं वाटतंय. खालच्या तुकड्यात ओल आहे अजून...’ मग ते बोलत राहिले. खालचा तुकडा, वरचा तुकडा, बँकेतला साहेब बरा माणूस आहे, आईला अजून राग आहे पण दाखवत नाही. सव्वीस मिनिटं. मी नंतर स्क्रीनवर बघितलं. आमचा रेकॉर्ड आहे तो.

शेवटी ते म्हणाले, ‘तुझं काम कसं चाललंय?’

‘ना’ नव्हता. त्यांनी मुद्दाम काढला की चुकून राहिला, माहीत नाही. विचारलंही नाही.

‘तीन महिन्यांचे पैसे अडकलेत, अप्पा,’ मी म्हणाले.

‘अगं मग सांगायचं ना आधी!’

या ‘ना’ला मात्र माझी काहीही हरकत नव्हती.